पाव आटा

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तुटतं तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो. पोलाद आधी वाकतं, कुरकुरतं, काहीतरी इशारा देतं. बीड शेवटपर्यंत गप्प राहतं आणि मग कोरडा ‘टक्’ असा आवाज होतो, एवढंच. गेल्या नोव्हेंबरात, इंग्लंडमधल्या डर्बी गावातल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये, मी एका गंजलेल्या स्क्रूवर हातोडा मारत होते. तिसऱ्या घावाला तो आवाज आला आणि गवत कापायच्या यंत्राच्या उजव्या बाजूचा कान माझ्या बुटावर पडला. तुकडा उचलून उजेडात धरला. तुटलेली कड राखाडी, दाणेदार होती, नुकतीच फोडलेली गुळाची ढेप आतून दिसते तशी. साठेक वर्षं पावसात, गवतात, कुणाकुणाच्या अडगळीत टिकून राहिलेली वस्तू मी तीन घावांत मोडली होती. मला रडू आलं.

यंत्र क्वालकास्ट कंपनीचं, म्हणजे याच गावचं. डर्बीत ओतकामाची परंपरा जुनी. पहिल्या महायुद्धानंतर इथल्या या ओतशाळेनं गवत कापायची यंत्रं करायला घेतली आणि इंग्लंडमधल्या छोट्या घरांच्या छोट्या अंगणांत ती जाऊन पोचली. माझं यंत्र हातानं ढकलायचं. इंजिन नाही, मोटर नाही. दोन बाजूंना दोन बिडाची चाकं, मध्ये पिळाच्या पात्यांचं रीळ, मागे लाकडी रूळ, आणि वर लाकडी मुठीचा दांडा. कापायची रुंदी १२ इंच. इकडे रविवारी सकाळी लोक घरातलं जुनं सामान गाडीच्या डिकीत घालून मैदानावर विकायला आणतात, तिथे ते मला आठ पौंडांना मिळालं. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, बागेत शोभेला ठेव, वर फुलांची कुंडी छान दिसेल. मी मान डोलावली, पण ते गाडीत ठेवताना मी रीळ हातानं फिरवून पाहत होते. ते फिरत नव्हतं. तरी त्याचा आवाज मला आधीच ऐकू येत होता.

तो आवाज सांगलीकडचा आहे. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढे हिरवळ होती, आणि त्या हिरवळीवर असंच एक यंत्र चालायचं, याच्यापेक्षा थोरलं. माळी मागून दांडा धरून ढकलायचा आणि त्याचा मुलगा पुढून दोरीनं ओढायचा. दोघं बैलजोडीसारखे एका लयीत चालायचे. टोकाला जाऊन वळले की आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. खर्रर्र, आणि त्याच्या शेवटी एक बारीक किणकिण. दर वर्षी मिरगाच्या आधी माळी ते यंत्र हातगाड्यावर घालून वर्कशॉपमध्ये आणायचा. शाळेला सुट्टी असायची, म्हणून मीही अण्णांबरोबर तिथे. अण्णा रिळाच्या टोकाला एक हँडल बसवायचे, पात्यांना काळी, चिकट, खरखरीत पेस्ट फासायचे आणि मला म्हणायचे, “फिरव. उलटं फिरव.” मी उलटं फिरवायची. सुरुवातीला दात आंबतील असा आवाज यायचा, मग हळूहळू तो मऊ व्हायचा, आणि एका क्षणी अण्णा हात वर करायचे. बास. त्यांना कसं कळायचं, हे मला तेव्हा कळलं नाही.

विळा आणि हे यंत्र यांत मोठा फरक आहे. विळा वेगावर कापतो. गवत हातात धरावं लागतं, नाहीतर वेग इतका लागतो की त्यानं वाकायच्या आत ते कापलं जावं. या यंत्राला वेग लागत नाही. खाली एक सपाट पातं स्थिर असतं, आणि रिळावरची पिळाची पाती एकामागून एक त्याच्यावरून सरकतात. गवताची काडी दोघांच्या मध्ये सापडते आणि कात्रीत कागद कापावा तशी कापली जाते. पिळामुळे पातं एकदम सगळं टेकत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापत जातं. म्हणून तो आवाज अखंड येतो, खटखट येत नाही. आमच्या घरी कडबाकुट्टी होती, तिचंही तत्त्व हेच. तोंडाची कड स्थिर, चाकावरची पाती फिरती. दोघांच्या मध्ये अंतर पडलं की कडबा कापला न जाता आत ओढला जायचा, चेंबायचा, आणि चाक फिरवणाऱ्याचा दंड भरून यायचा.

ही कल्पना गवतात सुचलेलीच नाही. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचं गाव आहे, तिथे लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जी लव राहते ती सारखी कातरायला पिळाच्या पात्यांचं रीळ असलेलं यंत्र असायचं. एडविन बडिंग नावाचा तिथला एक कारागीर अशा यंत्रांवर काम करायचा. कापडावरची लव कातरता येते तर जमिनीवरची का नाही, असं त्याच्या मनात आलं. ३१ ऑगस्ट १८३० ला त्याला त्याचं पेटंट मिळालं. पहिलं यंत्र १९ इंच रुंद, जड बिडाचं, दातेरी चक्रांचं. जॉन फेराबी नावाच्या भागीदाराच्या कारखान्यात ते तयार झालं. पेटंटच्या कागदात बडिंगनं लिहून ठेवलंय की खेड्यातल्या बड्या मंडळींनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांची करमणूक होईल आणि व्यायामही. बडिंग १८४६ मध्ये गेला. स्क्रूनं जबडा पुढेमागे करायच्या पान्याचं श्रेयही त्यालाच देतात. आपल्याकडे प्रत्येक सायकलवाल्याच्या पेटीत जो स्क्रू पाना असतो, त्याच्या घराण्यातला हा एक मूळपुरुष. हे वाचलं तेव्हा मी शेडमध्ये जाऊन माझा स्क्रू पाना हातात घेऊन उगाच उभी राहिले होते.

पहिला फोन मी अण्णांना कान तुटायच्या आधी केला होता.

“अण्णा, एकही बोल्ट निघत नाही. पाना बसतच नाही. तेराचा सैल होतो, बाराचा जात नाही.”

“आगं, ते मिलिमीटरचं नव्हंच. इंग्रजाच्या वेळची वस्तू ती. दोन सुती हाय का तीन सुती बघ.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. कारखान्यात अण्णांचं सगळं आयुष्य सुतात गेलं. देशात मेट्रिक येऊनही जुन्या मशिनरीचे बोल्ट काही बदलले नव्हते, त्यामुळे त्यांच्या पेटीत दोन्ही प्रकारचे पाने असायचे. हे आटे, म्हणजे बोल्टवरचे पीळ, व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये ते ठरवून दिले, आट्याचा कोन ५५ अंश. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसायची. या पान्यांवरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. मला हे माहीत नव्हतं आणि मी दोन डोकी गोल करून बसले होते.

शेजारच्या आजोबांकडे व्हिटवर्थचा पूर्ण संच निघाला. ते एक्याऐंशी वर्षांचे. सगळ्यांना लाडानं ‘मी डक’, म्हणजे ‘माझ्या बदका’, म्हणतात, डर्बीची ती जुनी रीत. बसचा ड्रायव्हर, डॉक्टर, मी, सगळेच त्यांचे डक. आयुष्यभर ओतशाळेसाठी लाकडी साचे करण्याचं काम त्यांनी केलं. कुंपणावरून मला यंत्राशी झटताना ते पाहत होते. कान तुटल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवून निरखला, आणि आत जाऊन एक लाकडी मोजपट्टी घेऊन आले. “हिच्यावर फूट मोज,” म्हणाले. मी माझी पट्टी शेजारी ठेवली. त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा लांब होता.

ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. म्हणून साचा मुळातच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब करत बसण्यापेक्षा साचेवाल्यांची मोजपट्टीच लांब केलेली असते. बिडासाठी फुटाला एक अष्टमांश इंच जास्त. माझ्या तोंडून निघालं, “फुटाला एक सूत!” त्यांना सूत म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. हल्ली मला काही सांगायचं असलं की ते सुतातच सांगतात, आणि अण्णांना हे कळलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ हसत होते.

कान जोडायचं काम आजोबांच्या शेडमध्ये झालं. बीड पोलादासारखं सरळ वेल्डिंग करता येत नाही. एका जागी एकदम उष्णता दिली की शेजारचा थंड भाग ओढला जातो आणि जोडाच्या बाजूलाच नवी चीर पडते. आम्ही आधी दोन्ही कडा कानसीनं उतरत्या केल्या, म्हणजे मध्ये डाखाला खाच मिळेल. मग सगळाच भाग हळूहळू तापवला. काळा, मग निळसर, मग अंधारात जेमतेम दिसेल असा तांबूस. त्यांनी दिवा घालवायला सांगितला, रंग नीट कळावा म्हणून. टाकणखार टाकला, तो फसफसला, मग काचेसारखा पसरला. पितळी कांडी टेकवली आणि ती एका क्षणात वितळून खाचेत ओढली गेली, जणू त्या भेगेलाच तहान लागली होती. बीड स्वतः वितळत नाही, पितळ त्याला धरून बसतं. फोनवर अण्णा होतेच. “आता राखंत पुरा. वारा लागू देऊ नका,” ते म्हणाले. मी आजोबांना सांगायच्या आतच त्यांनी कोपऱ्यातली राखेची बादली पुढे ओढली होती. सकाळपर्यंत तो तुकडा राखेत होता. बाहेर काढला तेव्हाही कोमट होता.

जोडावरची पितळेची पिवळी रेघ मी तशीच ठेवली आहे. तिच्यावर रंग दिलेला नाही.

त्यानंतर मी घाई सोडली. उरलेले स्क्रू काढायला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी कामावरून आले की प्रत्येकाच्या मुळाशी पातळ तेलाचे दोन थेंब, थोडी ऊब, एक हलकी टिचकी. जोर करायचा नाही. अण्णांचं यावर ठाम मत आहे: रॉकेल आणि सवड, तिसरं औषध नाही. इथे रॉकेल तसं मिळत नाही, पण सवड होती. बाविसाव्या दिवशी शेवटचा स्क्रू पावभर फिरला आणि गंजाची बारीक तांबडी भुकटी आट्यातून बाहेर आली. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत कशाचा झाला नव्हता. गंजलेले छोटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले, बॅटरी चार्जरची ऋण तार त्यांना, धन तार एका भंगार लोखंडी पट्टीला. रात्रभर बारीक बुडबुडे येत राहिले. हवा खेळती ठेवावी लागते, कारण तो हायड्रोजन असतो. सकाळी वरचा गंज काळ्या चिखलासारखा निघून आला आणि खाली ओतशाळेनं ओतलेला नंबर दिसला, अगदी स्पष्ट.

आणि खालचं पातं काढलं तेव्हा ती पत्र्याची पट्टी सापडली.

पात्याच्या डाव्या टोकाखाली, बिडाच्या बैठकीवर, बोटभर लांबीचा पातळ पत्रा घातलेला होता. कात्रीनं कापलेला, एक कोपरा बोटानं दुमडलेला. पुसला तर एका बाजूला हिरवा रंग आणि सोनेरी अक्षरांचे तुकडे. तंबाखूचा डबा. कोणीतरी, कधीतरी, त्या बाजूची बैठक झिजलेली पाहून तिथे नेमकी तेवढ्या जाडीची भर घातली होती. दुकानात जाऊन नवा भाग आणला नाही, यंत्र टाकून दिलं नाही. खिशातल्या रिकाम्या डब्याचं झाकण कापलं, बसवलं, आणि त्यानंतर कितीतरी उन्हाळे त्या अंगणातलं गवत सारखं कापलं गेलं असणार. मी तो माणूस कधी पाहिला नाही. पण त्याचं काम मला कळलं, कारण तीच अडचण मलाही येणार होती. फीलर गेजनं पट्टीची जाडी मोजली. उजव्या बाजूलाही आता झीज होती. नॉर्मंटन रोडवरच्या आपल्या दुकानातून आणलेला आंब्याच्या रसाचा डबा रिकामाच होता. त्याच्या पत्र्यातून मी उजव्या बाजूसाठी तशीच पट्टी कापली, आणि त्याची पट्टी घासूनपुसून, तेल लावून, तिच्या जागी परत ठेवली.

या यंत्रांकडे मी का ओढली जाते, ते त्या दिवशी मला स्वतःला नीट कळलं. यांच्यात झीज आधीच गृहीत धरलेली आहे. खालचं पातं जाड आहे, कारण ते घासून घासून कमी होणार. त्याच्या दोन्ही टोकांना स्क्रू आहेत, कारण पातं जसजसं झिजेल तसतसं ते वर आणावं लागेल. त्या स्क्रूला जेवढा प्रवास दिलाय, तेवढं त्या यंत्राचं आयुष्य, आणि तो प्रवास भरपूर आहे. बनवणाऱ्यानं मनात धरलं होतं की हे कोणीतरी उघडणार आहे. त्याला पाना लावायला जागा हवी, स्क्रूचं डोकं दिसायला हवं. माझ्याकडे चार वर्षांपूर्वीचं एक विजेवरचं यंत्र आहे. त्याच्या अंगावर एकही स्क्रू दिसत नाही, प्लॅस्टिकची दोन कवचं एकमेकांत अडकवून बंद केलेली. ते बंद पडलं तेव्हा दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं, नवीन घ्या. त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

इप्सविचच्या रॅन्सम घराण्याची एक गोष्ट अण्णांना फार आवडते. बडिंगचं यंत्र १८३२ पासून परवाना घेऊन ज्यांनी बनवलं, ते हे रॅन्सम. पण त्यांचा मूळ धंदा नांगरांचा. असं सांगतात की, त्यांच्या ओतशाळेत एकदा साचा फुटला आणि वितळलेलं बीड थंडगार जमिनीवर सांडलं. जो भाग थंड पृष्ठाला लागला तो कमालीचा कठीण झाला. रॉबर्ट रॅन्समनं ते हेरलं आणि १८०३ मध्ये स्वतःच धार राखणाऱ्या फाळाचं पेटंट घेतलं. फाळाची खालची बाजू मुद्दाम थंड करून कठीण केलेली, वरची मऊ. जमीन नांगरताना मऊ बाजू लवकर झिजते, कठीण बाजू मागे राहते, आणि कड कायम तीक्ष्ण राहते. म्हणजे झिजण्यानंच धार लागते. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “लई शाना माणूस.”

मग किर्लोस्करवाडीचा विषय निघतोच, आमच्या भागात तो निघाल्याशिवाय राहत नाही. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र केलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, आणि लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं तो सुरुवातीला कोणी घेईना. मग १९१० मध्ये औंध संस्थानात, ओसाड निवडुंगाच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. अण्णांचे वडील त्या नांगरामागे चालले. नांगराचे झिजलेले फाळ बदलून मिळायचे, हे त्यांना सर्वांत महत्त्वाचं वाटायचं. लाकडी नांगर मोडला की सुतार लागायचा. लोखंडी नांगराचा फक्त झिजलेला तुकडा बदलायचा, बाकीचा नांगर तोच.

रंगाचा प्रश्न मात्र माझ्यापुरता मी एकदाच सोडवला. इथे जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा एक क्लब आहे, साउथपोर्टला गवत कापायच्या यंत्रांचं अख्खं संग्रहालय आहे, आणि चकचकीत नवा रंग दिलेली यंत्रं पाहिली की डोळे निवतात हे खरंच. त्यात पुष्कळ मेहनत असते. तरी माझं मत वेगळं आहे. मुठीजवळचा रंग जिथे गेलाय तिथे कुणाचे तरी तळवे होते. तो भाग पुन्हा रंगवला तर त्या माणसाचं तिथलं असणं आपण पुसून टाकतो. मी फक्त सुटलेले पापुद्रे काढले, तेही ओल्या कागदानं, मास्क लावून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं तर ते पुडीसारखं उडतं आणि श्वासातून आत जातं. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसलं. जुनी हिरवी झाक खालून वर आली. लाकडी मुठीला मात्र काहीच केलं नाही.

आजोबांना हे सगळं पाहून त्यांच्या शेडमधल्या अॅटको नावाच्या गवत कापायच्या यंत्राची आठवण झाली. ते पेट्रोलवरचं, टू-स्ट्रोक व्हिलियर्स इंजिनाचं, पंधरा वर्षं बंद. मला इंजिनाचा सराव नव्हता, पण लुनाचा होता. कॉलेजात असताना माझ्या लुनाचे सीबी पॉइंट मी स्वतः साफ करायची. चक्राच्या आतले ते दोन छोटे बिंदू वर्षानुवर्षं न वापरता राहिले की त्यांच्यावर न दिसणारा थर बसतो आणि ठिणगी पडत नाही. एवढ्यानं लोक अख्खं इंजिन भंगारात काढतात. जाड कागद दोन बिंदूंमध्ये धरून पाच-सहा वेळा ओढला, तो काळा झाला. अंतर लावलं. प्लग बाहेर काढून बिडाला टेकवला, दोरी ओढली, आणि निळी ठिणगी पडली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. कार्बोरेटर धुतला, आतलं रबर बदललं. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनी रबरं फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जुन्या इंजिनात कमी इथेनॉलचं महाग पेट्रोल घालायचं आणि हंगाम संपला की टाकी कोरडी करायची. भारतातही आता वीस टक्के आहे. घरात जुनी लुना, राजदूत, फवारणीचा पंप जपून ठेवलेल्यांनी हे जरूर पाहावं.

माझ्या यंत्राची जुळणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. चाकाच्या आतल्या बाजूला दाते असतात. ते रिळाच्या टोकाचं लहान दातेरी चक्र फिरवतात. त्या चक्राच्या पोटात, दांड्याच्या खाचेत, पोलादाचा एक सुटा तुकडा सरकत असतो, जेमतेम करंगळीच्या पेराएवढा. यंत्र पुढे ढकललं की तो अडकतो आणि रीळ फिरतं. मागे ओढलं की तो निसटतो आणि फक्त कट-कट आवाज येतो. हा तुकडा गवतात पडला तर गेलाच, म्हणून जुळणी परातीत करायची. मी परात घेतली, पण डाव्या बाजूचा तुकडा उलटा बसवला. पुढे ढकललं तर सगळं ठीक, मागे ओढलं की पाती उलटी फिरू लागली. एक संध्याकाळ मला काही उमजेना. मग अचानक कळलं की मला नेमकं हेच हवं होतं. उलटं फिरव.

दुसऱ्या बाजूचाही तुकडा उलटा केला. पात्यांना कार्बोरंडमची पेस्ट फासली, खालचं पातं नुसतं लागेल न लागेल इतकं वर घेतलं, आणि शेडच्या फरशीवर यंत्र मागे ओढत राहिले. दात आंबवणारा तो आवाज आला. चाळीस वर्षांनी तोच. मी फोन फरशीवर ठेवला होता, सांगलीत अण्णा ऐकत होते. आता त्यांचे हात थरथरतात, पान्याची पकड राहिलेली नाही, पण कान शाबूत आहे. आवाज खरखरीत होता, मग सारखा झाला, मग त्यातली एक बारीक कुरकुर गेली. “बास,” ते तिकडून म्हणाले. मी थांबले. रॉकेलऐवजी पांढऱ्या स्पिरिटनं पेस्ट धुतली, दोन्ही तुकडे पुन्हा सुलटे बसवले. पेस्टचा कणही उरता कामा नये, नाहीतर तीच पेस्ट पुढे बेअरिंग खात बसते. वर्तमानपत्राची पट्टी खालच्या पात्यावर धरून रीळ हळूच फिरवलं. डावीकडे कागद सुरीनं कापावा तसा कापला गेला. मध्येही. उजवीकडच्या टोकाला तो चुरगळून दुमडला.

तिथे माझी आंब्याच्या डब्याची पट्टी होती.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ऊन पडलं. दहिवर सुकेपर्यंत थांबले, ओल्या गवतात ही चाकं घसरतात. यंत्र अंगणात आणलं. आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले, हातात चहाचा मग. फोन मी स्वेटरच्या खिशात ठेवला, वरच्या बाजूला, अण्णांना ऐकू यावं म्हणून. तिकडे दुपार होती, आईनं मागून विचारलं, कोण बोलतंय. “बोलत नाही कोण. मशीन चालतंय,” अण्णा म्हणाले.

मी ढकललं. पहिली दोन पावलं जड गेली आणि मग रिळानं गवत धरलं. खर्रर्र. हिरवे तुकडे पुढे उडाले, बुटांवर आले. कापलेल्या गवताचा वास सगळ्या अंगणात पसरला. टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. मागे पट्टा दिसत होता, फिकट हिरवा, सरळ. त्याच्या उजव्या कडेला मात्र काही काड्या तशाच उभ्या होत्या.

“उजवीकडं सोडतंय न्हवं?” खिशातून आवाज आला.

“हो. तुम्हाला दिसत नाही, मग कसं कळलं?”

“किणकिण येत न्हाई. खालचं पातं उजवीकडं वर घे.”

मी गुडघ्यावर बसले. खिशातून तीन सुती पाना काढला, उजव्या बाजूच्या स्क्रूला लावला.

“किती?”

“पाव आटा. जास्त नको.”